सर्व्हर कुणाचा, जबाबदारी कुणाची?

रोह्यातल्या मेडिकलवाल्याने औषध नियमांच्या ‘एच-१’ यादीतले औषध विकले, तर रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव नोंदवहीत लिहावे लागते, ती वही तीन वर्षे सांभाळावी लागते. तीच गोळी जवळच्या निडी गावात बसून मोबाइलवर बेकायदा संकेतस्थळावरून मागवली, तर विचारणार कोण? डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या विक्रीवरून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये स्नॅपडील या ऑनलाइन बाजारपेठेविरुद्ध गुन्हा नोंदवला होता. अशाच दुसऱ्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच कंपनीवरील खटला रद्द केला. कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ अशा मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराला किंवा विक्रीला केवळ जागा देणाऱ्याला, संरक्षण देते. ते रास्तच. हजारो संकेतस्थळांना जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीने प्रत्येक पान चाळावे, ही अपेक्षा भाबडी आहे. पण न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हाती पडूनही तिने बेकायदा दुकान चालू ठेवले, तर ते संरक्षण उरत नाही. अडते ते आदेश काढण्यापाशीच. कारण ऑनलाइन औषधविक्रीच्या म्हणजे ई-फार्मसी नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ पासून पडून आहे! केंद्राने तो आता मार्गी लावावा आणि त्यात होस्टिंग कंपनीला थेट नोटीस धाडण्याचा अधिकार औषध निरीक्षकाला द्यावा.