खिडकीची सीट तान्ह्याच्या आईला द्या

मागच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर आम्ही नेहमीसारखे रोड नंबर 22 च्या टपरीवर चहाला उतरलो. टीममधला एकजण आदल्याच रात्री नागपूरहून विमानाने आला होता आणि वैतागलेला होता. मागच्या रांगेत एक तान्हं बाळ होतं, ते उतरायच्या अर्धा तास आधी जे रडायला लागलं ते विमानाचं दार उघडेपर्यंत. "एवढ्या लहान पोरांना विमानात आणतातच कशाला यार? ट्रेनने जावं ना." चौघांपैकी तिघांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. पण वागळे इस्टेटमधला टपरीचा चहा म्हणजे सात मिनिटं, त्यात मुद्दा मांडून होत नाही. म्हणून इथे लिहितोय. वीकेंड आहे, वेळ आहे.

त्याच्या गाऱ्हाण्यातला महत्त्वाचा शब्द म्हणजे "अर्धा तास आधी". बाळ उड्डाणाला रडलं नाही, मधे रडलं नाही, बरोबर अर्धा तास आधीच का रडलं? कारण विमान तेव्हा खाली यायला लागतं.

विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा त्या उंचीची नसते, नाहीतर आपण बेशुद्धच पडू. आत दाब भरलेला असतो, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. जास्तीत जास्त आठ हजार फुटांवर असेल तेवढा विरळ, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश. आठ हजार फूट म्हणजे किती? कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे साधारण 5400 फूट. महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर, आणि विमानातली हवा त्याहूनही विरळ असू शकते! आता उतरताना हा दाब वीस-पंचवीस मिनिटांत परत जमिनीवरचा करायचा असतो. एक्सप्रेसवेने पुण्याहून येताना खंडाळ्याचा घाट उतरलो की कानाला दडे बसतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. तो घाट एकापाठोपाठ एक चार वेळा उतरलो तर जेवढं होईल, तेवढं विमानात होतं.

मोठ्या माणसाकडे उपाय असतात. जांभई, आवंढा, नाक दाबून फुंकणं, चॉकलेट. घशापासून कानाच्या पडद्यामागे जाणारी एक नळी असते, तिचं तोंड गिळताना उघडतं आणि दाब सारखा होतो. चढताना आतली हवा आपसूक बाहेर सुटते, त्यामुळे फारसा त्रास होत नाही. उतरताना मात्र बाहेरचा दाब जास्त, नळी चिकटून बसते, ती मुद्दाम उघडावी लागते. बाळाची नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. शिवाय "नाक दाब आणि फुंक" हे त्याला सांगणार कोण? त्याला एकच गोष्ट येते, चोखणं आणि गिळणं. म्हणून डॉक्टर सांगतात की उड्डाणाच्या वेळी आणि उतरताना बाळाला अंगावर घ्या किंवा बाटली द्या. आणि उतरताना म्हणजे चाकं टेकताना नाही. तोपर्यंत उशीर झालेला असतो. कॅप्टन "आपण आता खाली जायला सुरुवात करतोय" म्हणतो तेव्हा. बाळ झोपलेलं असेल तर हळूच जागं करून, कारण झोपेत गिळणं कमी होतं.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. बाळाला पाजण्याची सगळ्यात जास्त गरज ज्या वीस-पंचवीस मिनिटांत असते, त्यातला बराचसा वेळ सीटबेल्टचा दिवा लागलेला असतो, टॉयलेट बंद असतं आणि आईला जागेवरून हलता येत नाही. म्हणजे जे काही करायचं ते सतरा-अठरा इंचांच्या सीटवर, बेल्टमधे, बाळाचा छोटा बेल्ट आपल्या बेल्टमधे अडकवलेला असताना, दोन्ही बाजूंच्या कोपरांमधे.

माझी ताई बाळ चार महिन्यांचं असताना मुंबई-नागपूर अशीच आली. सासर नागपूरला, बारसं तिकडे झालेलं, माहेरी यायचं होतं. मधली सीट. खिडकीत एक काका, आइलला एक लॅपटॉपवाला. सीट बदलून मिळेल का विचारलं तर काउंटरवर सांगितलं, खिडकीचे वेगळे पैसे पडतील. पैशांचं काही नाही, भरले असते, पण तोवर खिडक्या संपल्या होत्या. (एअरलाइनचं नाव घेत नाही, दुसरीकडे वेगळं काही झालं असतं असं मला वाटत नाही.) विमान उतरायला लागलं, बाळ कळवळलं, आणि तिने ओढणी सावरत पाजायचा प्रयत्न केला. काकांनी वर्तमानपत्र उघडलं, ते ठीक. लॅपटॉपवाल्याने मोठ्याने सुस्कारा सोडला. ताई म्हणाली, "रडणं चालेल पण तो सुस्कारा नको, म्हणून मी थांबवलं." मग बाळ रडलं. आणि त्या विमानातल्याही कुणीतरी दुसऱ्या दिवशी टपरीवर सांगितलं असेल, लहान पोरांना आणतातच कशाला.

आपल्याकडे या विषयावर काही होतच नाही असं नाही. होतं, पण सगळं "कक्ष" या एका शब्दाभोवती. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत. मुंबई विमानतळावर बेबी केअर रूम आहेत. डिसेंबर 2022 मधे देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, त्याची बरीच चर्चा झाली. 2023 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईला विधान भवनातल्या हिरकणी कक्षात त्यांना धूळ दिसली आणि तेही त्यांना बोलून दाखवावं लागलं. विधान भवनात ही गत, तर आमच्या इस्टेटमधल्या एका ऑफिसच्या मदर्स रूममधे जुने मॉनिटर ठेवलेले असतात यात नवल काय! कक्ष बांधून फीत कापली की काम संपतं.

सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे 19 फेब्रुवारी 2025 चा. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे (यांचा जन्म आपल्या निपाणीचा) यांच्या खंडपीठाने केंद्राला सांगितलं, की सार्वजनिक इमारतींत स्तनपानाची सोय करण्याबद्दल 2024 च्या फेब्रुवारीत राज्यांना जी सूचना पाठवली होती तिची आठवण करून द्या. हे चांगलंच झालं. पण त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे जी बातम्यांत मागे पडली. सार्वजनिक ठिकाणी किंवा कामाच्या जागी बाळाला पाजण्याला कलंक मानू नका, असंही कोर्टाने म्हटलंय. मला ते वाक्य खोलीपेक्षा मोठं वाटतं. कारण खोली विमानात नेता येत नाही.

आणि हिरकणीचंच नाव घ्यायचं तर तिची गोष्ट काय आहे? गडाचे दरवाजे बंद झाले, खाली बाळ भुकेलं, ती कडा उतरून गेली. तिला बाळापर्यंत पोचायला वेळेत वाट हवी होती, खोली नको होती. विमानात बाळ तर मांडीवरच असतं, आणि तरीही मधे कडा असतोच. फक्त तो शेजारच्या सीटवर बसलेला असतो.

गंमत म्हणजे हा कडा आपल्याकडे सगळीकडे नाही. आई डोंबिवलीहून वीस वर्षं लेडीज डब्याने गेली. ती सांगते, बाळवाली चढली की तीन सीटवर बसलेल्या चौघी न सांगता सरकतात, एकजण तिची पिशवी घेते, एकजण समोर उभी राहून आपोआप पडदा होते. कुणी काही बोलत नाही, गप्पा चालूच. जनरल डब्यातून गावाला जाणाऱ्या बाईकडेही कुणी टकमक बघत नाही. अवघडलेपण तिकिटाच्या किमतीबरोबर वाढतं असा माझा एक अशास्त्रीय सिद्धांत आहे. परदेशातही हेच. ऑक्टोबर 2006 मधे अमेरिकेत बर्लिंग्टनला डेल्टासाठी उडणाऱ्या एका विमानातून एका आईला उतरवलं, कारण तिने ब्लँकेटने झाकून घ्यायला नकार दिला. मग नोव्हेंबरमधे आयांनी ठिकठिकाणच्या विमानतळांवर बसून सामूहिकपणे बाळांना पाजलं! 2019 मधे केएलएमने जाहीरपणे लिहिलं की इतर प्रवाशांना खटकलं तर आम्ही आईला झाकून घ्यायला सांगू शकतो. चार घाट उतरत असताना बाळाचं तोंड ओढणीखाली कोंबायचं, का तर मधल्या सीटवरच्या इंजिनिअरला खटकू नये म्हणून.

तर माझी मागणी साधी आहे. तिकिटात मांडीवरचं बाळ असेल तर आईला खिडकी आणि आइल यातली जी हवी ती सीट फुकट द्या, आणि जोडीदार त्याच तिकिटात असेल तर त्याला शेजारची. बस.

हे सॉफ्टवेअरमधे अवघड आहे असं कुणी सांगू नये, निदान मला. सिस्टमला बाळ माहीत असतंच. ते तिकिटात वेगळं नोंदलेलं असतं, त्याचे पैसेही घेतलेले असतात. एवढंच नाही, सीट देताना त्याचा विचारही होतो. तीन सीटच्या गटावर साधारणपणे चार ऑक्सिजन मास्क असतात, म्हणून एका गटात एकाच बाळाला बसवतात. म्हणजे नियम लिहिण्याची जागा तिथे आहे, त्या जागी आधीच एक नियम बसलेला आहे, आपल्याला त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहायची आहे. आणि "सीट हा एअरलाइनचा धंदा आहे, सरकारने त्यात पडू नये" हा मुद्दाही जुना झाला. एप्रिल 2024 मधे डीजीसीएने सांगितलंच की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईबाबांपैकी एकाशेजारी सीट द्या. बारा वर्षांच्या मुलाला आईशेजारी बसायचा हक्क आहे, तर चार महिन्यांच्या मुलाला आईचा कोपर हलेल एवढी जागा मागायला काय हरकत आहे? एका विमानात तान्ही असतात किती? दोन, तीन. तेवढ्या खिडक्यांनी कुणाचं दिवाळं निघणार नाही.

खिडकीच का, यावर ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने बरोबर शंका काढली. लंगोट बदलायला उठायचं तर दोघांना ओलांडून जावं लागतं, त्यापेक्षा आइल बरी. म्हणूनच "जी हवी ती" म्हणालो. ज्याला त्याला आपलं बाळ माहीत. पण पाजायला खिडकीच सोपी, एका बाजूला भिंत असते, सुस्कारे एकाच बाजूने येतात. अर्थात बर्लिंग्टनची ती आई खिडकीतच होती आणि आइलला तिचा नवरा होता, तरी उतरवलीच. तेव्हा केबिन क्रूला नीट शिकवलेलं नसेल तर सीटचा काही उपयोग नाही, हेही खरं.

बाटलीवाल्या आयांचं वेगळं. पावडरचं दूध करायला पाणी निदान 70 अंशांचं हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मग ते निवेपर्यंत थांबायचं. त्यामुळे गरम पाणी उतरायच्या खूप आधी मागावं लागतं. ऐन वेळी क्रूलाही बसून राहावं लागतं. ऑनसाइटवाल्यांसाठी एक गोष्ट: 100 मिलीचा नियम बाळाच्या दुधाला लागू नाही. हा नियम 2006 च्या ऑगस्टमधे लंडनला उघडकीस आलेल्या द्रवस्फोटकांच्या कटानंतरचा, आणि सुरुवातीच्या दिवसांत तिथे आईबापांना सिक्युरिटीसमोर बाटलीतलं दूध स्वतः चाखून दाखवावं लागायचं. अमेरिकेत आता बाळ बरोबर नसलं तरी काढलेलं दूध नेता येतं. 2018 च्या कायद्याने तिथल्या मोठ्या विमानतळांवर प्रत्येक टर्मिनलला पाजायची खोलीही आहे. परत खोलीच, पण असो.

नियम येईल तेव्हा येईल. तोपर्यंत तुम्ही खिडकीत असाल आणि मधल्या सीटवर बाळवाली आली तर उठून जागा बदला, विमान हलायच्या आधीच. त्याच तीन सीटमधे अदलाबदल केली तर मास्कचा हिशोब बिघडत नाही. दुसऱ्या रांगेतली खिडकी द्यायची असेल तर मात्र आधी क्रूला विचारा. तिकडे एखादं बाळ आधीच असेल तर ते नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल.