श्रेष्ठ चित्रपट कोणता?

यंदा श्रावणात शाळेच्या वादसभेसाठी विषय सुचवा, असे आम्ही नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस सांगितले, तेव्हा ‘विज्ञान : शाप की वरदान’ वगैरे नित्याचे विषय बाजूस सारून त्यांनी एकमुखाने निराळाच विषय मागितला : ‘आजवर निघालेल्या चित्रपटांत सर्वश्रेष्ठ कोणता?’ शिक्षकांच्या खोलीत या मागणीचे फारसे स्वागत झाले नाही. ज्या गोष्टीपासून मुलांस दूर ठेवण्यात निम्मे वर्ष खर्ची पडते तीच आपण होऊन सभेत आणावी काय, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, आणि त्यांचे विचारणे गैर नव्हते. तथापि मुले ज्याविषयी मनापासून बोलतात त्याविषयी त्यांस विचारपूर्वक बोलावयास शिकविणे हेच शिक्षकाचे काम होय, असे ठरून दोन शनिवार या विषयास मिळाले.

दोन्ही दिवस सभा चांगलीच रंगली. एका पक्षाने कोणत्या चित्रपटाने किती कोटी मिळविले याचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखविले. दुसऱ्याने पारितोषिकांची यादी वाचली. तिसऱ्याने, जो पाहताना रडू आवरत नाही तोच श्रेष्ठ, असे प्रतिपादन केले. सरतेशेवटी नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, श्रेष्ठ म्हणजे काय, हे आधी ठरवायला नको का?” इतक्यात घंटा झाली व सभा संपली. त्या दिवशी तिला समर्पक उत्तर आम्हांस देता आले नाही. ते येथे द्यावे असे योजिले आहे.

प्रथम एक कबुली देणे प्राप्त आहे. ज्या ख्रिस्ती घरात आम्ही लहानाचे मोठे झालो तेथे चित्रपटगृह म्हणजे मोहाचे द्वार मानीत. जत्रेत तंबूतला सिनेमा आला की आम्हां भावंडांस त्या वाटेनेही जाऊ देत नसत. पुढे कॉलेजात असताना आमच्या वाचनात आले की, ज्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढून या देशातील चित्रपटसृष्टीचा पाया घातला, त्यांच्या मनात ही कल्पना प्रथम उदय पावली ती मुंबईस येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील मूकपट पाहत असताना. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत होते आणि फाळक्यांस त्याच ठिकाणी राम व कृष्ण दिसू लागले होते, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. ज्यास आम्ही केवळ मोहाचे द्वार समजत होतो त्याच द्वारातून एका मनुष्यास आपल्या आयुष्याचे कार्य सापडले, हे वाचून आम्ही वरमलो. त्या दिवसापासून चित्रपटाचा सरसकट धिक्कार करणे आम्ही सोडिले. परंतु निवड करणे मात्र सोडिले नाही, आणि आमच्या मुलांनीही ते सोडू नये.

आता श्रेष्ठत्वाच्या कसोट्या पाहू. पैसा ही कसोटी नव्हे, हे फार वेळ सांगावयास नको. गर्दीवरूनच श्रेष्ठत्व ठरवावयाचे तर आठवड्याच्या बाजाराइतके श्रेष्ठ स्थळ आमच्या गावात दुसरे नाही. जाणकारांच्या याद्या ही कसोटी त्याहून बरी. परंतु तीही स्थिर नाही. ‘साइट अँड साउंड’ नावाचे इंग्रजी नियतकालिक दर दहा वर्षांनी समीक्षकांची मते घेऊन जगातील श्रेष्ठ चित्रपट ठरविते. १९५२ साली त्यांनी ‘बायसिकल थीव्ज’ या इटालियन चित्रपटास अग्रस्थान दिले. १९६२ पासून २००२ पर्यंत ते ‘सिटिझन केन’ या अमेरिकन चित्रपटाकडे राहिले. २०१२ साली ‘व्हर्टिगो’ पुढे आला, आणि २०२२ साली शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘जान डीलमन’ सर्वांच्या पुढे गेला. हा चित्रपट १९७५ सालचा. तीन तासांहून अधिक वेळ त्यात एक विधवा गृहिणी बटाटे सोलते, अंथरूण आवरते, स्वयंपाक करते. चित्रपट एका अक्षराने बदलला नव्हता. पाहणाऱ्यांची दृष्टी बदलण्यास मात्र सत्तेचाळीस वर्षे लागली.

त्याच २०२२ साली चित्रपट-समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या भारतीय शाखेने भारतातील दहा श्रेष्ठ चित्रपट निवडले. पहिला मान सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’स मिळाला, तो योग्यच आहे. बंगाली, मल्याळम, कन्नड, हिंदी या भाषांतील चित्रपट त्या दहांत आहेत. मराठीतील मात्र एकही नाही. आमच्या वर्गात हे सांगताच मुले खवळली. आम्ही त्यांस म्हटले, रुसून काय उपयोग? आपल्या चित्रपटांची बाजू मांडावयाची तर ते आधी पाहिले पाहिजेत. तुमच्यापैकी ‘संत तुकाराम’ कितीजणांनी पाहिला आहे? चाळीसांत तीन हात वर आले.

आमची स्वतःची कसोटी अशी आहे : त्या चित्रपटातील जे सर्वांत दुबळे माणूस, ज्याची कोणी गणना करीत नाही, त्यास चित्रपटाने न्याय दिला आहे काय? जे आपण अगदी कनिष्ठाकरिता करितो ते प्रभूकरिता केले असे मानले जाते, हे आमच्या शास्त्राचे सांगणे आहे. कलेसही तेच लागू पडते असे आम्हांस वाटते. राजाचा मुकुट कोणीही झळाळता दाखवील. ज्याच्याकडे पाहावयाचे कोणासही सुचले नसते, त्याच्याकडे पाहावयास जो लावील तो मोठा कलावंत.

या कसोटीवर प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) घासून पाहा. विष्णुपंत दामले व फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला; १९३७ साली वेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम पाहून प्रेक्षक हात जोडीत, आणि शांताराम आठवले यांनी या बोलपटाकरिता रचलेले एक पद तर खुद्द तुकोबांचाच अभंग म्हणून लोक गाऊ लागले. हे सर्व मोठे खरे; परंतु आमच्या मते या चित्रपटाचे मोठेपण पागनीसांहूनही गौरी या नटीने केलेल्या जिजाईत आहे. पती भजनात दंग, घरात दाणा नाही, मूल आजारी. तेव्हा ही बाई चप्पल उगारून देवळात शिरते आणि देवास जाब विचारते. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने तिला कजाग ठरवून हसे करून घेतले असते. येथे तसे घडत नाही. तुकारामाची भक्ती खरी आणि जिजाईची तक्रारही खरी, हे दोन्ही एकाच वेळी आपणांस पटते. शेवटी वैकुंठास जावयाची वेळ येते तेव्हाही ती पोराबाळांच्या पोळ्या सोडून उठत नाही. जगाने चुलीपुढील स्त्रीस अग्रस्थान २०२२ साली दिले. पुण्याच्या प्रभातमध्ये तिच्याकडे १९३६ सालीच कोणीतरी आदराने पाहिले होते.

तरीही एकच नाव सांगा असा आग्रह धरिला, तर आम्ही ‘कुंकू’ सांगू. प्रभातचाच हा बोलपट १९३७ साली व्ही. शांताराम यांनी काढिला. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. त्याची कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतली आहे. आपटे यांचा जन्म सांगलीजवळच्या समडोळीचा आणि वास्तव्य आपल्या सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे; तेव्हा या दोन्ही जिल्ह्यांचा या चित्रपटावर हक्क पोहोचतो. इतकेच नव्हे, तर सांगलीस लागूनच असलेल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची व्यथा १८९९ साली ‘संगीत शारदा’ नाटकात मांडली होती. जो प्रश्न देवलांनी रंगभूमीवर विचारला तोच आपट्यांच्या कादंबरीतून पडद्यावर आला, आणि त्याचे उत्तर या वेळी खुद्द मुलीने दिले.

कथा थोडक्यात अशी. नीरा या पोरक्या मुलीचे लग्न तिचा मामा पैशाच्या लोभाने, फसवणुकीने, एका वृद्ध विधुर वकिलाशी लावून देतो. त्या काकासाहेबांस मोठी झालेली मुले आहेत. नीरा पळून जात नाही, विहीर जवळ करीत नाही, रडत बसत नाही. ती त्याच घरात राहते आणि स्पष्ट सांगते की हे लग्न आपण मानीत नाही. शांता आपटे यांनी ही नीरा अशी उभी केली आहे की मागाहून पुष्कळ काळ इतकी ताठ मानेची नायिका आम्हांस पडद्यावर दिसली नाही. आमच्यासारख्या इंग्रजी शिकविणाऱ्यास आणखी एका गोष्टीचे कौतुक वाटते : नीरेच्या तोंडी शांतारामांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविता घातली आहे, आणि ती तेथे मुळीच परकी वाटत नाही. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे टोले, भांड्यांचे आवाज, रस्त्यावरचा गलका, एवढ्यावरच काम भागविले आहे. त्यामुळे त्या घरातील शांतता ऐकू येते. शिवाय केशवराव दाते यांचे काकासाहेब हे काही राक्षस नव्हेत. त्यांस हळूहळू स्वतःची लाज वाटू लागते, आणि तीच या चित्रपटाची खरी घटना होय. दुबळ्यास न्याय दिला, पण तो बलवानाचे माणूसपण हिरावून दिला नाही.

कोणी म्हणेल, याचा शेवट कच्चा आहे. काकासाहेब नीरेस मुलीसमान मानून तिला मोकळी करतात व स्वतः आयुष्य संपवितात. म्हणजे मुलीची सुटका म्हाताऱ्याच्या मरणानेच होते. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु १९३७ साली हिंदू स्त्रीस घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. तो १९५५ साली आला. कायद्याने जेथे दार ठेविले नव्हते तेथे कथाकाराने भिंत फोडली, इतकेच. दुसरा कोणी ‘श्यामची आई’ पुढे करील. आचार्य अत्रे यांच्या या १९५३ च्या चित्रपटास पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, व तो आम्हांसही प्रिय आहे. परंतु तेथे आई आपणांस मुलाच्या प्रेमातून दिसते. नीरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहते व स्वतःच्या तोंडाने बोलते. म्हणून तिचे पारडे आमच्याकडे जड.

हा सर्व वाद केवळ करमणुकीचा असता तर आम्ही वार्षिकाची इतकी पाने अडविली नसती. दिवाळीपूर्वी एका शनिवारी आम्ही मोठ्या वर्गांस ‘कुंकू’ दाखविला. प्रथम मुले काकासाहेबांस हसली. अर्ध्या तासाने हसणे थांबले. संपल्यावर एक मुलगी इतकेच म्हणाली, “सर, तिला कोणी विचारलंच नाही ना?” ते ऐकून काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आम्हांस आठवला. दहावीच्या निकालानंतर एक गृहस्थ मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यावयास आले होते. पुढे कोठे घालणार, असे विचारता ते आनंदाने म्हणाले, “शिकवायचं कशाला आता? स्थळ चांगलं आलंय.” मुलगी वर्गात पहिल्या पाचांत होती. ती शेजारी मान खाली घालून उभी होती. मुलीच्या लग्नास अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात हे आम्ही सांगितले, “ते आम्ही बघतो,” असे उत्तर मिळाले, आणि आम्ही दाखला दिला. तिला मात्र आम्हीही काही विचारले नाही. एक प्रश्न, एवढेच आमच्या हातात होते. तेवढेही आम्ही केले नाही. याची बोचणी आजही जात नाही.

सुज्ञ पालकहो, म्हणून आमची आपणांस विनंती आहे. मुले चित्रपट पाहणारच. आता तर तो त्यांच्या खिशात आला आहे. बंदी घालून आपण केवळ त्यांचे एकट्याने पाहणे वाढवितो. वर्षातून दोन वेळा तरी घरातील सर्वांनी एकत्र बसून एखादा चांगला जुना चित्रपट पाहावा, आणि तो संपल्यावर दिवा लावून अर्धा तास बोलावे. ‘कुंकू’ पाहिल्यावर आपल्या मुलीस, आणि मुलासही, विचारावे : तुला काय वाटले? आणि ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक सूचना. पुण्यास गेलात तर जेथे प्रभातची वास्तू होती तेथे आज चित्रपट शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, ती बाहेरून का होईना पाहून या. आपल्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. ‘राजा हरिश्चंद्र’देखील पुरता उरलेला नाही. जे कोणी पाहत नाही ते कोणी जपतही नाही. दहांच्या यादीत मराठी चित्रपट नाही म्हणून खवळलेल्या मुलांनी प्रथम स्वतःची दहांची यादी करावी, आणि प्रत्येक नावापुढे आपले कारण लिहावे. आमचे कारण आम्ही सांगितले आहे. ते तुम्हांस पटलेच पाहिजे असे नाही; पटत नसेल तर पुढील वर्षी वादसभेत उभे राहून ते खोडून काढा. आम्ही ऐकावयास पहिल्या रांगेत बसू.

आणि नववीतील ज्या मुलीने तो प्रश्न विचारला तिला आमचे उत्तर असे : ज्या माणसास कोणी काही विचारीत नाही, त्यास जो विचारतो, आणि आपणांसही विचारावयास लावतो, तो चित्रपट श्रेष्ठ.