चाळीचा कारभार कोणाच्या हाती?

मुंबईतील जुन्या चाळींचा प्रश्न मोडकळीस आलेल्या भिंतींपुरता मर्यादित नाही. त्या भिंतींचा कारभार कोणी पाहावा, हा त्याचा गाभा आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर राखले. परंतु गोठलेल्या भाड्यात मालकास दुरुस्ती परवडेना आणि मालकी नसल्याने भाडेकरूस ती करता येईना. १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून हे काम सरकारी मंडळाकडे सोपविले. परंतु कोणता जिना आधी कोसळेल, हे तेथे राहणाऱ्यांइतके कोणत्याही कचेरीस कळत नाही.

१९८६ साली म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ समाविष्ट झाले. उपकरप्राप्त इमारतीतील किमान ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापून मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या १०० पट रक्कम मालकास देऊन इमारत संस्थेच्या हवाली करण्याची त्यात तरतूद होती. मालकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. त्यातून उद्भवलेल्या घटनात्मक प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता कलम ३९ (ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. निकालाचे स्वागत करणारे त्याचा उत्तरार्ध मात्र सांगत नाहीत. साधनाचे स्वरूप, दुर्मिळता, लोकहितावरील परिणाम आणि मूठभरांच्या हाती झालेले केंद्रीकरण लक्षात घेता खाजगी साधनही त्या व्याख्येत येऊ शकते, असे न्यायालयाने मान्य केले आहे. मुंबईच्या जमिनीहून दुर्मिळ साधन दुसरे कोणते?

भाड्याची १०० पट रक्कम तुटपुंजी आहे, हा लहान मालकांचा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे शासनाने वाजवी भरपाईचा भार उचलणे. चाळ बिल्डरच्या स्वाधीन करणे नव्हे. बिल्डर वाढीव चटईक्षेत्राच्या बदल्यात घर फुकट देतो. परंतु लिफ्ट, पंप आणि देखभालीचा मासिक खर्च कष्टकरी कुटुंबाच्या माथी येतो. तो न पेलणारे खोली विकून दूरच्या उपनगरात जातात. घर मिळूनही वस्ती उठते, ती अशी.

म्हणून आपली मागणी दुहेरी असावी. जमीन कायम संस्थेच्या नावे राहावी आणि सदस्याने घर सोडल्यास ते मर्यादित किमतीत प्रथम संस्थेकडेच यावे. मात्र कारभाराची सवय कायद्याने लागत नाही. कार्यकर्त्यांनी चाळीचाळींतून आजच समित्या उभाराव्यात, दुरुस्तीचा हिशेब दरमहा फलकावर लावावा आणि स्त्रियांना त्यात बरोबरीचे स्थान द्यावे. कारभार हाती घेण्यास समर्थ असलेल्या संघटनेलाच मालकीची मागणी जोमाने करता येईल.