पैसा आजाऱ्यामागे जाऊ द्या

करावे गावठाणातल्या आमच्या शेजारच्या काकांनी ६७व्या वर्षी मेडिक्लेमचा फॉर्म भरला. बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं खरं खरं लिहिलं. आठवड्याभरात दोन ओळींचा नकार आला. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या मुलाला मात्र त्याच कंपनीतून 'सर, पॉलिसी घ्या' असे फोन येत राहतात.

१ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक 'आयआरडीएआय'ने नव्या पॉलिसीवरची ६५ वर्षांची मर्यादा काढली, जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ ४८ महिन्यांवरून ३६ वर आणला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या प्रीमियमची वाढ वर्षाला १० टक्क्यांवर रोखली. त्यापुढे जायचं तर आधी नियामकाशी बोलावं लागतं. निर्णय चांगलेच आहेत. पण कुणाला घ्यायचं हे अजून कंपनीच ठरवते, आणि प्रीमियम रोखला की म्हातारा ग्राहक तिला अधिकच नकोसा होतो. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचे पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते ठरावीक उपचारांना, ठरावीक रुग्णालयांत.

नेदरलँड्समध्ये २००६ च्या कायद्याने मूलभूत आरोग्य विमा मागणाऱ्या कुणालाही नाकारता येत नाही, आजार बघून प्रीमियम वाढवता येत नाही. ही सक्ती कंपन्यांना झेपते ती मधल्या निधीमुळे. वय, आजार, चालू औषधं बघून ज्याच्यावर जास्त खर्च होणार, त्याच्यासाठी कंपनीला निधीतून जास्त रक्कम मिळते. धडधाकट तरुण गोळा करण्यात मग फारसा फायदा उरत नाही. हेच जोखीम समायोजन. जर्मनीत ते १९९४ पासून आहे.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं नाही. ट्रकचा थर्ड पार्टी विमा कंपन्या टाळत होत्या, म्हणून २००७ मध्ये सगळ्यांचा मिळून पूल काढला. तो तोट्यात गेला आणि २०१२ मध्ये गुंडाळला. कारण स्पष्ट होतं: झालेला तोटा सगळ्यांत वाटला जायचा, मग क्लेम नीट तपासण्याची कळकळ कुणाला? समायोजनात रक्कम आधी, अपेक्षित खर्चावर ठरते. नंतर शुगर आटोक्यात ठेवून खर्च वाचवला, तर ती बचत कंपनीचीच.

ट्रकसाठी केलं ते माणसांसाठी, अधिक शहाणपणाने, का करू नये? नियामकाने साठीपुढच्या ग्राहकांपासून सुरुवात करावी. प्रत्येक कंपनीच्या आरोग्य प्रीमियममधला ठरावीक वाटा निधीत घ्यावा आणि त्याच दिवशी नकाराचा अधिकार काढून घ्यावा. नुसती सक्ती केली तर कंपन्या पळवाटा शोधतील. नुसता निधी काढला तर नकार चालूच राहतील.