ट्रेकसाठी चाकू घेताय? ‘9 इंचांपर्यंत चालतो’ हे अर्धंच खरं आहे

शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, हे आजही कित्येक घरांत पाळलं जातं. लोखंड शनिदेवाचं, ही त्यामागची समजूत. नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर हे त्याच शनिदेवाचं गाव. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून ते देशभर माहीत आहे. 2011 मध्ये युको बँकेनं इथे कुलूप नसलेली शाखा उघडली, त्याचीही मोठी बातमी झाली होती.

आता वीकेंडचा एक नेहमीचा प्लॅन बघा. शनिवारी शिंगणापूर आणि शिर्डी, रात्री भंडारदऱ्याला तंबू, रविवारी कळसूबाई किंवा रतनगड. सगळं एकाच अहिल्यानगर जिल्ह्यात. सॅकमध्ये टॉर्च, दोरी, मॅगीची पाकिटं आणि रील बघून ऑनलाइन मागवलेला ‘हंटिंग नाईफ’. रीलमध्ये सांगितलेलं असतं, ‘पातं 9 इंचांपेक्षा लहान आहे, लायसन्स लागत नाही, बिनधास्त न्या.’

हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसेल, तर फिरायला गेलेल्या माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

9 इंचांचा नियम आला कुठून?

शस्त्र कायदा 1959 चा. त्याखालचे सध्याचे नियम 2016 चे. या नियमांमध्ये बंदुकीशिवायच्या शस्त्रांची एक यादी आहे. तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू त्यात येतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठी बनवलेली अवजारं यातून वगळली आहेत. म्हणूनच ऊसतोड कामगाराचा कोयता किंवा स्वयंपाकघरातली सुरी या यादीत बसत नाही.

मग 4 इंचांचा चाकू मोकळा झाला का? या एका कायद्यापुरता, बहुतेक वेळा हो. पण वाटेत आणखी दोन कायदे उभे आहेत.

पहिला अडथळा: कलम 37

‘जिल्ह्यात प्रतिबंधात्मक आदेश लागू’ ही बातमी तुम्ही कितीदा तरी वाचली असेल. सण, निवडणुका, आंदोलनं अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 नुसार जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त असा आदेश काढतात. कलम 37(1) मध्ये शस्त्रं, तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर ‘चाकू’ हा शब्द स्पष्ट आहे आणि तिथे इंचांचं माप दिलेलं नाही. आदेश मोडला तर कलम 135 खाली कारवाई होते.

म्हणजे आदेश लागू असताना 3 इंचांचा चाकूसुद्धा अडचणीत आणू शकतो. शनी अमावास्येला शिंगणापुरात लाखोंची गर्दी होते. अशा ठिकाणी कमरेला चाकू लटकवून फिरणं कधीही शहाणपणाचं नाही. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाचे ताजे आदेश बघायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा अडथळा: अभयारण्य

हा मुद्दा बहुतेक ट्रेकर्सना माहीतच नसतो. अकोले तालुक्यातले रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हे सगळे कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याच्या परिसरात येतात. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू होतो. त्याच्या कलम 31 नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. आणि शस्त्र म्हणजे काय, हे याच कायद्याच्या व्याख्येत दिलंय. बंदूक, धनुष्यबाण, फासे, जाळी, विष आणि चाकू. इथेही इंचांचं माप नाही.

आणि ‘हंटिंग’चं काय?

विषय तिथेच संपतो. 1972 च्या कायद्यात सुरुवातीला परवाना घेऊन काही शिकार करता येत होती. 1991 च्या दुरुस्तीनंतर ती वाटही बंद झाली. माणसाच्या जिवावर उठलेल्या प्राण्याबाबतचे अपवाद आहेत, पण ते वन विभागाच्या अधिकाऱ्यांच्या आदेशानं. त्यामुळे प्राणी सोलायला वाकडं पातं, पाठीवर करवतीचे दात, दोन्ही बाजूंनी धार असल्या गोष्टींचा भारतातल्या ट्रेकरला उपयोग शून्य. दुधारी पातं तर थेट खंजिराच्या जवळ जातं.

मग घ्यायचा तर कसा घ्यायचा?

कॅम्पवर चाकूची कामं तीनच. भाजी-फळं चिरणं, दोरी कापणं, पाकिटं फोडणं. त्यासाठी या गोष्टी बघा:

• पातं: 3 ते 4 इंच, एकाच बाजूला धार. अडीच ते तीन मिलीमीटर जाडी पुरते. त्याहून जाड पात्यानं कांदा चिरत नाही, फुटतो.

• धातू: सह्याद्रीतल्या पावसात साधं कार्बन स्टील एका रात्रीत गंज धरू शकतं. त्याची धार चांगली लागते, पण पुसून तेल लावायची शिस्त हवी. नवख्या माणसानं स्टेनलेस घ्यावं.

• मूठ: पात्याचा धातू मुठीच्या शेवटपर्यंत गेलेला असेल तर मूठ तुटायची भीती कमी. ओल्या हातातून निसटणार नाही अशी खडबडीत पकड हवी. भडक रंगाची मूठ गवतात पडली तरी सापडते.

• म्यान: यावरच लोक पैसे वाचवतात आणि इथेच हात कापतात. चाकू उलटा धरला तरी म्यानातून पडता कामा नये.

घडीचा चाकू लहान जागेत मावतो. पण बिजागरीत माती आणि अन्नाचे कण अडकतात. फिक्स्ड ब्लेड धुऊन पुसला की काम झालं. प्रवासात तो सॅकच्या तळाशी, भांड्यांसोबत ठेवावा. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येच द्यावा लागतो.

आता शेवटचा प्रश्न, तो न्यायलाच हवा का?

पवना किंवा इतर तलावाकाठच्या खाजगी कॅम्पवर स्वतः स्वयंपाक करणार असाल, तर 4 इंचांचा साधा चाकू कामाचा आहे. कळसूबाईखालच्या बारीत, रतनगडाखालच्या रतनवाडीत किंवा हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत मात्र गावातल्याच घरांत पिठलं-भाकरी मिळते. तिथे चिरायला विळी आहे आणि चिरणारे हातही आहेत. जेवणाचे पैसे गावातच राहतात. अभयारण्यात जायचं असेल तर चाकू घरी ठेवून निघालात, तरी ट्रेकमध्ये काहीही कमी पडत नाही.