चूक दाखविणारा हात

सिरसाळा हे बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील गाव. सुगी आटोपल्यावर या भागातील गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरतात. लहान मुलांच्या रेवडीच्या कुस्त्यांनी आरंभ होतो आणि दिवस मावळताना मोठ्या इनामाची कुस्ती लागते. सिरसाळ्यासारख्या गावातला एखादा मुलगा असा फड जिंकून येतो तेव्हा मित्र त्याला खांद्यावर घेतात, घरी आई ओवाळते. दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत वस्ताद मात्र एवढेच म्हणतात, "काल पट काढताना मान खाली गेली होती. पुन्हा कर."

मुलाचा चेहरा उतरतो. जिंकल्यावरही चूक काढावी, याचा त्याला राग येतो. दोन दिवस तो तालमीकडे फिरकत नाही. घरातील मोठ्यांची कसोटी अशाच वेळी लागते. मुलाची समजूत घालताना वस्तादांना नावे ठेवायची, की ते काय म्हणाले ते नीट ऐकायला सांगायचे?

मल्लाला स्वतःची मान दिसत नाही. पट काढताना ती खाली गेली, तर समोरचा तिच्यावर आपला सारा भार टाकतो आणि हातातला डाव निसटतो. ही चूक दोघांना दिसते: वस्तादांना आणि प्रतिस्पर्ध्याला. वस्ताद ती बोलून दाखवितात. प्रतिस्पर्धी न बोलता तिचा लाभ घेतो. चूक कोणाकडून कळावी, एवढीच निवड मल्लाच्या हाती असते.

बीड जिल्ह्याच्याच पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वडील स्वतः मल्ल; मुलाचे पहिले गुरूही तेच. पुढे पुण्यात रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली ते घडले. १९६९चे महाराष्ट्र केसरी असलेले बिराजदार २०११ साली निवर्तले, तेव्हा राहुल अवघे एकोणीस वर्षांचे होते. एका थोर गुरूने घडविलेल्या मल्लाला 'मला आता काय शिकायचे?' असे वाटणे अशक्य नव्हते. त्यांनी काका पवार यांच्याकडे पुन्हा शिष्यत्व पत्करले. नवा गुरू म्हणजे नवी नजर. जुनी नजर ज्या सवयी चालवून घेई, त्या नवी नजर चालवून घेईलच असे नाही. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले.

मातीतून मॅटवर येणाऱ्या प्रत्येक मल्लाला आणखी एक कठीण दुरुस्ती स्वीकारावी लागते. मातीत पाठ टेकेपर्यंत कुस्ती चालते. दमाने खेळणे हा तेथे गुण. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, आणि रेषेबाहेर पाऊल गेले तरी गुण जातो. ज्या सवयीने गावात शाबासकी मिळाली, तीच येथे दोष ठरते. खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्या दोन स्पर्धांच्या मध्ये अशाच शिकण्याची वर्षे होती.

आपला दोष गुरूपुढे निष्कपटपणे मांडणे, याला जैन परंपरेत आलोचना म्हणतात. प्रायश्चित्ताचे ते पहिले पाऊल आणि प्रायश्चित्त हे अंतरंग तपांपैकी एक. उपवासाचे तप शरीर सोसते. दोष ऐकून घेण्याचे तप अहंकाराला सोसावे लागते. म्हणूनच ते अधिक अवघड.

मात्र तपाची अपेक्षा केवळ शिष्याकडून ठेवणे न्यायाचे नाही. "मान खाली गेली" ही दुरुस्ती आहे. "तुला कधी जमणारच नाही" हा अपमान आहे. पहिल्या वाक्यात डावाचा दोष आहे आणि तो घालविण्याची वाट आहे. दुसऱ्यात मुलालाच दोषी ठरविले आहे. अपमान निमूटपणे गिळणे म्हणजे विनय नव्हे. चांगला वस्ताद चूक दाखवून थांबत नाही. तो स्वतः लंगोट कसून मातीत उतरतो, मुलाची मान हाताने वर करतो आणि तोच डाव पुन्हा करवून घेतो.

मुलाला तालमीत परत पाठविण्यापूर्वी घरच्यांनी त्याला एवढेच विचारावे: "वस्ताद काय म्हणाले, ते त्यांच्याच शब्दांत सांग." बहुतेक वेळा सांगता सांगता मुलाच्या ध्यानात येते, की बोलणे त्याच्याविषयी नव्हतेच, ते मानेविषयी होते. तिसऱ्या दिवशी पहाटे तो उठतो, आखाड्यातील माती कपाळाला लावतो आणि वस्तादांपुढे उभा राहतो. वस्ताद कालचे काही काढत नाहीत. "कर," एवढेच म्हणतात.