रातथारा

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या नगर केंद्रीय ग्रंथालयात स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसभर माना खाली घालून बसलेली असतात. दिवेलागणीला बाहेरच्या झाडांवर साळुंक्या उतरू लागल्या की त्या मानाही वर होतात, एवढा कलकलाट! ‘चालल्या घरट्यात,’ असं आपण सहज म्हणून जातो.

पण घरटं असतं अंड्यापिल्लांसाठी. विणीचा हंगाम सरला की साळुंक्या, पोपट, कावळे ठरावीक झाडांवर शेकड्यांनी जमून रात्र काढतात. या जागेला मराठीत नेमका शब्द आहे : रातथारा. कुणी रातनिवाराही म्हणतं. मारुती चितमपल्लींच्या लेखनातून असे शब्द आपल्याकडे रुळले. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार आणि कावळ्यांच्या वसाहतीला काकागार म्हणावं, हेही त्यांनीच शिकवलं. चितमपल्ली सोलापूरच्या तेलुगू घरातले. आडनावातली ‘पल्ली’ आमच्या चिक्कडपल्लीतलीच, म्हणजे गाव. त्यामुळे इथल्या मराठी माणसाला त्यांच्याबद्दल थोडी जास्तच आपुलकी. आयुष्य वनखात्यात, विदर्भाच्या जंगलांत गेलं. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले.

संस्कृतात पाहावं तर ‘नीड’चा मूळ अर्थ खाली बसायची जागा. मुक्कामाच्या दांडीला मात्र वेगळा शब्द, वासयष्टी. मेघदूतातल्या यक्षाच्या घरी ती सोन्याची आहे आणि दिवस मावळला की मोर तिच्यावर येऊन बसतो. त्यातला ‘वास’ ज्या धातूचा, त्याचीच आपली ‘वस्ती’. खेड्यात रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची एसटी आठवा. साळुंक्यांचंही तसंच, पहाटे पहिल्या फेरीला निघायचं. ‘थारा’ तर अजून घरगुती. मन थाऱ्यावर नसलं की आपली झोप उडते, आणि पाखरांची थारा गेला की.

तो जातो कसा? फांद्या छाटण्याआधी कुणी पाहिलंच, तर घरटं आहे का तेवढं पाहतं, तेही दिवसाउजेडी. त्या वेळी रातथारा रिकामा असतो. खाली विष्ठेचे पांढरे डाग तेवढे दिसतात, आणि बहुतेकदा तेच तक्रारीचं कारण ठरतं. म्हणून सोसायटीच्या सभेत झाड तोडायचा विषय निघाला, तर हात वर करण्याआधी एकदा सूर्यास्ताला त्याच्याखाली उभे राहून वर पाहा. छत्री मात्र विसरू नका.